चेंडू हा शेवटचा धडा

आमच्या सोसायटीच्या नियमावलीतलं चौदावं कलम असं आहे : ‘आवारात कोणत्याही आकाराचा, रंगाचा वा पदार्थाचा चेंडू आणण्यास सक्त मनाई आहे.’ टेनिसबद्दल त्यात चकार शब्द नाही. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. पुढे जे काही झालं त्यात दोष माझा किती आणि चौदाव्या कलमाचा किती, हे ठरवताना तो उपयोगी पडेल. आमच्या घरात तो कोणी विचारातच घेतला नाही.

मला टेनिस आवडतं असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. मला सर्व्ह अँड व्हॉली आवडते. ती काय असते ते सांगतो. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्यामुळे कोणी न विचारता सांगायची सवय लागली आहे. खेळाडू मागच्या रेषेवरून सर्व्हिस करतो आणि ती कुठे पडली हे बघत न बसता सरळ जाळीकडे निघतो, आतून कोणीतरी हाक मारल्यासारखा. अर्ध्या वाटेवर दोन्ही पायांनी एक बारीकशी उडी घेतो. मग समोरून चेंडू आला की तो मारत नाही. ठेवतो. जिथे कोणी नाही तिथे, अलगद, पाहुण्यांसमोर कपबशी ठेवावी तसा. आपण जाळीच्या जितके जवळ जाऊ तितका आपल्याला मिळणारा कोन मोठा होतो, हे फळ्यावर सिद्ध करायला मला दोन मिनिटं पुरतात. हल्लीचे खेळाडू मात्र मागे उभे राहतात आणि गाद्या झोडपाव्यात तसे एकमेकांना तासन् तास झोडपतात. यात भूमिती कुठे आहे?

“पण जिंकला कोण?” आमची ही विचारते. टीव्हीसमोर बसून मटार सोलता सोलता ती सामना बघते, म्हणजे निकाल बघते.

“जिंकण्याचा प्रश्न नाही.”

“म्हणजे तुमचा तो पळणारा आजही हरला.”

पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार झाला की माणसाचं सौंदर्यशास्त्र असं एका वाक्यात आटपतं.

तर आमची नात, वय वर्षं दहा, घरातलं नाव भिंगरी, एके दिवशी शाळेतून आली आणि दप्तर फेकून म्हणाली, “आजोबा, टेनिसच्या संघात एक जागा रिकामी झालीये. महिन्याने निवड आहे. मी नाव दिलं.”

“तुला टेनिस येतं?”

“नाही. पण तुम्हाला येतं ना?”

आता इथे प्रामाणिक माणसाने काय उत्तर द्यावं, हे मला आज व्यवस्थित माहीत आहे. त्या दिवशी मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “उद्यापासून शिकवतो.” भिंगरीने माझ्या गळ्यात उडी मारली. ही आतून म्हणाली, “अरे देवा.”

ती जागा तिला फार हवी होती. वर्गातल्या चौघीजणी कुठल्या ना कुठल्या संघात होत्या आणि भिंगरीला दर वर्षी खेळांच्या दिवशी पाण्याच्या पिंपाजवळ उभं करत. “या वर्षी मी पेले धुणार नाही,” असं तिने मला बजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिटणिसांकडे गेलो. आमचे चिटणीस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. खिशात कायम मोजपट्टी. त्यांच्याकडे चहाला गेलं तर ते कपाकडे अशा नजरेने बघतात की आपण दोन थेंब जास्त प्यायलो असं वाटतं.

“सर, चौदावं कलम,” ते म्हणाले.

“पण त्यात चेंडूला मनाई आहे. टेनिसला कुठे आहे?”

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला असा मुद्दा मिळाला की त्याला जुना मित्र भेटल्यासारखं होतं. “अर्ज करा,” ते हळवे होऊन म्हणाले. “तीन प्रतींत.”

मी अर्ज केला. विषय : चेंडूविरहित टेनिस-प्रशिक्षणास परवानगी मिळणेबाबत. चार दिवसांनी तो शेरा होऊन परत आला : ‘चेंडूविरहित म्हणजे चेंडू कायमस्वरूपी नसणार, की तूर्त नसणार, याचा खुलासा व्हावा.’ मी खुलासा केला की चेंडू हा शेवटचा धडा असून तो सोसायटीच्या आवाराबाहेर घेतला जाईल. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच पटलं. शिकवण्याचा माझा जन्मभराचा अनुभव असा की पाया पक्का झाल्याशिवाय पुढच्या धड्याला हात लावू नये. वर्तुळ काढायला शिकवताना मी मुलांना पहिले आठ दिवस कंपास देत नसे. (त्या मुलांची वर्तुळं पुढे कशी आली हे इथे अप्रस्तुत आहे.)

परवानगी मिळाली आणि इमारतीतली आणखी तीन मुलं येऊन सामील झाली. चेंडूच नसल्यामुळे साहित्याची अडचण अजिबात आली नाही. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी माळ्यावरून त्यांची कॉलेजातली रॅकेट काढून दिली. तिच्यातल्या तारा उंदरांनी खाल्लेल्या होत्या, पण आमचं काय अडत होतं? ती भिंगरीला मिळाली. बाकीच्यांपैकी एकाकडे माश्या मारायची जाळी होती, एकीकडे बॅडमिंटनची मोडकी रॅकेट, आणि सर्वांत धाकटीकडे आमच्या हिचा झारा. मधे दंतवैद्यांची जुनी मच्छरदाणी बांधली. चिटणिसांनी ती तीन ठिकाणी मोजली आणि मधे एक इंच खाली ओढायला लावली. “नियमात बसलं पाहिजे,” ते म्हणाले. कुठल्या नियमात, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. दंतवैद्य खिडकीतून म्हणाले, “सर, सर्व्हिस करताना मुलांना दात आवळू देऊ नका. पुढे दाढा झिजतात.” पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “पळताना टाचा उचलून पळवा हो, माझी भांडी वाजतात.” समोरचा शिंपी रोज दुकान बंद करून यायचा आणि म्हणायचा, “पोरांच्या बाह्या तंग आहेत. खांदा फिरणार कसा?” या सगळ्यांत शिंपी बरोबर होता, हे मला कबूल करावं लागलं आणि दोन सदऱ्यांच्या बाह्या उसवाव्या लागल्या.

पण मुलं शिकली! हे मी अभिमानाने सांगतो. डावा हात वर, नसलेला चेंडू आकाशात, शरीराचं धनुष्य, मग फटका, तीन पावलं, बारीक उडी, आणि व्हॉली. दहा दिवसांत चौघांच्या हालचाली अशा झाल्या की बघत राहावं. अडचण एकच होती. गुण कोणाला द्यायचा? चेंडूच नाही म्हटल्यावर तो आत पडला की बाहेर, हे कसं कळणार? मी नियम केला की ज्याचा फटका जास्त देखणा, त्याला गुण. टेनिसच्या इतिहासात एवढा न्याय्य नियम कोणी केला नसेल.

संध्याकाळी गॅलऱ्या भरू लागल्या. आणि मग माणसांना जे होतं ते झालं. पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, “बाहेर होता! मी इथून बघितला!”

“काकू, रेषेवर होता,” दंतवैद्य म्हणाले.

“तुम्ही खालून बघताय. मला वरून स्पष्ट दिसला.”

“काय दिसला?” मी विचारलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. चिटणीस मोजपट्टी घेऊन उतरले, गुडघ्यावर बसले, फरशीचा एक तुकडा निरखून पाहिला आणि जाहीर केलं, “पाऊण इंच आत.” काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ज्या माणसाने चेंडूवर बंदी घातली त्यानेच तो आत असल्याचा निर्वाळा द्यावा, यातली गंमत मी त्यांना सांगणार होतो. पण निकाल भिंगरीच्या बाजूने लागला होता, म्हणून गप्प बसलो.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मला प्रात्यक्षिक करून दाखवायची हुक्की आली. मुलं उडी फार उंच घेत होती. मी दंतवैद्यांची रॅकेट हातात घेतली, सर्व्हिस केली, तीन पावलं टाकली, उडी मारली, आणि कंबरेत अशी काही कळ आली की रॅकेटने माझा हात सोडला. (हाताने रॅकेट सोडली असं ही म्हणते. ते खोटं आहे.) ती दवाखान्याच्या खिडकीची काच फोडून आत गेली. आत एक पेशंट आ वासून बसलेला होता. त्याने तोंड मिटलं आणि पुढचा महिनाभर उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली : ‘आवारात चेंडू आणून काच फोडल्याबद्दल खुलासा करावा.’

“चिटणीससाहेब, चेंडू नव्हता. रॅकेट होती. तुम्ही समोर उभे होतात.”

“होतो ना. माझ्या डोळ्यांदेखत झालं.”

“मग?”

“सर, रॅकेटने काच फोडल्याचं कलमच नाही. चेंडूने फोडल्याचं आहे. आता काच तर फुटलीय. मग मी काय करू?”

“पण नसलेला चेंडू—”

“नव्हता याचा पुरावा द्या.”

चौतीस वर्षं मी मुलांना ‘सिद्ध करा’ असं सांगत आलो. तो शब्द समोरून ऐकताना किती उद्धट वाटतो हे मला तेव्हा कळलं.

समितीने आवाराची झडती घ्यायची ठरवली. पाचजणांनी झुडपं पाहिली, जिन्याखाली पाहिलं, माझं कपाटही ‘सहज’ पाहिलं, आणि शेवटी गच्चीवरच्या पन्हाळीत हात घातल्यावर एक चेंडू सापडला. टेनिसचाच. काळाकुट्ट, शेवाळलेला, सोसायटी बांधणाऱ्या मजुरांच्या काळातला असावा. चिटणिसांनी तो रुमालात धरून आणला. त्यांच्या चेहऱ्यावर खात्याने शेवटी न्याय केल्याचं समाधान होतं. प्रशिक्षण बंद. मच्छरदाणी जप्त. झारा लेखी अर्जावर परत.

त्या गर्दीत भिंगरी पुढे झाली आणि तिने चेंडूला बोट लावलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “हा केसाळ असतो?”

निवडीला दोन दिवस उरले होते. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. ही चहा गाळत होती. भिंगरी टेबलावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती.

“आजोबा, तुम्ही पहिल्यांदा चेंडू मारलात तेव्हा हाताला कसं लागलं?”

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा काही बोलला नाही.

“मी मारलेला नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे पहिल्यांदा चुकला?”

“म्हणजे कधीच मारलेला नाही.”

हिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. भिंगरी उठून बसली. “कधीच? मग तुम्हाला सगळं कसं माहितीये?”

“बघून.”

“नुसतं बघून?”

“आणि भूमितीवरून.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलांना समजावायचं कसं ते मला येतं. ती अगदी हळू म्हणाली, “सगळ्या मुली हसतील, आजोबा. आणि मग मला पिंपाजवळ उभं करतील.”

“नाव काढून घेऊ या का? मी चिठ्ठी देतो. ताप आला म्हणून.”

“नाही,” ती म्हणाली. “मी जाणार. आणि तुम्हीपण यायचं. पळून जायचं नाही.”

रात्रीपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आमची हीसुद्धा मला टाकून बोलली नाही, यावरून परिस्थितीचं गांभीर्य ओळखावं.

निवडीच्या दिवशी मैदानाच्या कडेला आठ-दहा पालक होते. सगळ्यांच्या मुलींकडे पिशव्यांतल्या रॅकेटी. खेळाच्या बाईंना मुली शिट्टीबाई म्हणत. बाईंनी भिंगरीची रॅकेट हातात घेतली, डोळ्यांसमोर धरली आणि तिच्या मधून माझ्याकडे पाहिलं. मधे काहीच नसल्यामुळे मी त्यांना नीट दिसलो असणार.

“सर, यात तारा कुठायत?”

“कधी लागल्या नाहीत,” मी म्हणालो.

बाईंनी तिला शाळेची रॅकेट दिली. ती तिच्या रॅकेटीपेक्षा जड होती आणि तिला मधे तारा होत्या, त्यामुळे भिंगरीला ती भिंतीसारखी वाटली असावी. समोर संघाची मुख्य खेळाडू उभी राहिली. उंच, काटक, नाव शिडी.

भिंगरीने सर्व्हिस केली. डावा हात वर, शरीराचं धनुष्य. अहाहा! कडेच्या दोन पालकांनी मोबाइल खाली ठेवले. चेंडू वर गेला, रॅकेट त्याच्या वीतभर बाजूने सुंदर वळण घेत गेली आणि चेंडू भिंगरीच्या डोक्यावर पडून घरंगळला. पण तोवर ती निघाली होती. तीन पावलं, बारीक उडी, आणि जाळीजवळ जाऊन तिने रिकाम्या हवेत अशी काही व्हॉली ठेवली की शिडी आपसूक त्या दिशेला धावली.

मुली हसल्या. आधी एक, मग सगळ्या. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवून त्यांना गप्प केलं, पण वाजवताना त्यांचे गाल थरथरत होते. भिंगरीने आठ वेळा सर्व्हिस केली. आठही वेळा चेंडू एका गावाला आणि ती दुसऱ्या. मी कडेला उभा राहून बुटाच्या नाड्या बांधत होतो. मी नाड्या नसलेले बूट घातले होते.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “आता दुहेरी. शिडी सर्व्हिस करेल. एकेकीने पुढे, जाळीजवळ उभं राहायचं.”

आणि तेव्हा त्या रिकाम्या जागेचं रहस्य उघडलं. शिडीची सर्व्हिस म्हणजे तोफ. पण तिचा नेम जोडीदाराच्या मानगुटीवर जास्त बसे, आणि तिथून वाचलं तर परतणारा चेंडू समोरून तोंडावर येई. आधीच्या तीन जोडीदारणी पळून गेल्या होत्या. त्या दिवशीही पिशवीवाल्या मुली एकेक करून पुढे गेल्या. एकीने रॅकेट डोक्यावर छत्रीसारखी धरली. एक खाली बसली. एकीने जाळीजवळ जायचं साफ नाकारलं आणि तिची आई म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

मग भिंगरी गेली. ताठ उभी राहिली, जाळीपासून दोन हातांवर, रॅकेट पुढे धरून, चेहऱ्यावर कसलीही चिंता नाही. शिडीची सर्व्हिस तिच्या कानाशेजारून सणसणत गेली. तिने मान वळवली नाही. पलीकडून चेंडू परत आला. तिने बारीक उडी घेतली, रॅकेट ठेवली, आणि तो रॅकेटीवर येऊन आदळला. टप्प! आणि जाळीपलीकडे जाऊन मऊ पडला, जिथे कोणी नव्हतं.

भिंगरीने रॅकेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“आजोबा, वाजला!” ती किंचाळली.

पुढचा चेंडू तिच्या कपाळावर बसला. शिडीने तोंडावर हात ठेवला. मी धावत सुटलो, म्हणजे माझी कंबर जेवढं धावू देते तेवढा. भिंगरीने कपाळ चोळलं, जमिनीवर पडलेल्या चेंडूकडे थोडा वेळ रागाने बघितलं आणि म्हणाली, “लागतो की हा!” आणि एक पाऊल आणखी पुढे जाऊन उभी राहिली.

शिट्टीबाईंनी वहीत नाव लिहिलं. शिडीने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ही मला हवीये, बाई. ही पळत नाही.”

बाई माझ्याकडे आल्या. “सर, सर्व्हिस हिला शून्यापासून शिकवावी लागेल. पण चेंडूला न घाबरायला तुम्ही कसं शिकवलंत? मी चार वर्षं डोकं फोडतेय, एकीला जमत नाही.”

मी घसा साफ केला. पद्धतशीर उत्तर तयार होतं, त्यात पाया हा शब्द तीनदा येणार होता.

“त्यांनी चेंडू दाखवलाच नाही,” भिंगरी म्हणाली. “त्यांनी पण कधी मारलेला नाही. बाई, तुमच्या शनिवारच्या वर्गात मोठी माणसं चालतात का?”

“अगं, मी कशाला—”

“चालतात,” बाई म्हणाल्या.

“त्यांचं नाव लिहा. आणि बाई, त्यांना पहिल्या दिवसापासून चेंडू द्या.”

त्यामुळे दर शनिवारी सकाळी मी नवशिक्यांच्या रांगेत उभा असतो. माझ्या उजव्या बाजूला सात वर्षांची एक मुलगी असते, डाव्या बाजूला आठ वर्षांचा एक मुलगा. दोघंही मला अधूनमधून सूचना करतात. पहिल्याच शनिवारी माझी पाळी आली. मी जाळीजवळ गेलो, बारीक उडी घेतली आणि रॅकेट पुढे केली. पलीकडून भिंगरीने चेंडू मारला. तो माझ्याकडे आला, मोठा मोठा होत गेला आणि माझ्या बाजूने निघून गेला.

“सर,” शिट्टीबाई सगळ्या मुलांदेखत म्हणाल्या, “चेंडू आला की डोळे मिटायचे नाहीत.”

मी मिटले नव्हते. दाद देत होतो.